हलकी ड्युटी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सोनवणे, हे सगळं लिहून काढा, तुमच्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मी म्हटलं, बाई, मी हवालदार माणूस, मला पंचनाम्याशिवाय काही लिहिता येत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, मग पंचनामाच लिहा, फक्त त्यातून स्वतःला वगळू नका. या गोष्टीला आता काही वर्षं झाली. लिहायला बसलो की मी आधी टेबल पुसतो, मग चहा मागतो, मग पेनात शाई आहे का बघतो. शेवटी शांता, म्हणजे माझी बायको, म्हणाली की एवढ्या वेळात दुसऱ्याचं महाभारत लिहून झालं असतं. म्हणून आज बसलोय.

ज्यांच्या अंगावर खाकी आहे आणि ज्यांच्या छातीत काही कारण नसताना धडधडतं, त्यांच्यासाठी हे आहे. इतरांनीही वाचावं. पण आधीच सांगून ठेवतो, यात मी कुठेही शूर वगैरे दिसत नाही. मी घाबरलेला दिसतो, कारण मी घाबरलेलोच होतो.

निरोप

आमचं ठाणं मुंबई-पुणे रस्त्याच्या जवळ. त्या काळात पिंपरी-चिंचवडला रोज कुठे ना कुठे नवी कंपनी उभी राहत होती. शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला की गेटातून सायकलीच सायकली रस्त्यावर यायच्या आणि त्याच रस्त्यावरून मुंबईचे ट्रक धावायचे. अपघाताला तोटा नव्हता. माझं अक्षर चांगलं, म्हणून पंचनामा माझ्याकडे. आणि पंचनामा ज्यानं केला त्यानंच घरी निरोप न्यायचा, अशी आमच्या ठाण्यात पद्धत पडून गेली होती.

निरोपाचीही एक रीत होती. माणूस गेला असं दारात कधी सांगायचं नाही. ‘जरा लागलंय, दवाखान्यात नेलंय, घरातलं मोठं कुणी बरोबर घ्या,’ एवढंच म्हणायचं. आमच्या जुन्या जमादारांनी मला हे शिकवलं. बाईमाणूस उंबऱ्यात कोसळली तर सावरणार कोण, खरं काय ते दवाखान्यात कळू दे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. मला ते इतकं छान जमायला लागलं की तोंडावरची रेषसुद्धा हलायची नाही. निगडी, आळंदी, चाकणच्या रस्त्यावरच्या वस्त्या, किती दारं मी अशी वाजवली असतील.

एकदा आकुर्डीच्या एका चाळीत गेलो. सकाळची वेळ. नवरा पहिल्या पाळीला निघाला होता, तो वाटेतच संपला होता. बाईंना वाटलं, त्यांनी नळावरच्या भांडणाची तक्रार दिली होती त्याच्या चौकशीला मी आलोय. ‘या हवालदार, बरं झालं आलात,’ म्हणून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि चहा टाकला. शेजारणीनं हंडा कसा उलटा केला, काय काय बोलली, ते सगळं सांगत होत्या. मला मध्ये तोडायला जमलं नाही. मी तो चहा प्यायलो. कप खाली ठेवला आणि मग म्हणालो, ‘जरा लागलंय.’ बाईंनी आधी रिकाम्या कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं.

पित्त

त्यानंतर थोड्याच दिवसांत कंपनीच्या गेटावर बंदोबस्ताला उभा असताना भोंगा झाला आणि माझ्या छातीत कुणीतरी आतून दार बडवायला लागलं. हातापायांना घाम फुटला, जीभ कोरडी पडली. मला वाटलं संपलं, आता माझ्या घरी कुणीतरी निरोप घेऊन जाणार. जवळच्या टपरीच्या बाकावर टेकलो. थोड्या वेळानं सगळं शांत झालं. दुसऱ्या दिवशी भोंग्याबरोबर पुन्हा तेच.

चिंचवडच्या डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला. हृदय एकदम ठणठणीत, म्हणाले, गॅस असेल, पित्त असेल. माणसानं खूश व्हावं की नाही? मी जास्तच घाबरलो. हृदयाचा दोष असता तर निदान नाव तरी असतं.

पित्त म्हटल्यावर आख्खी पोलीस लाईन वैद्य झाली. कुणी ताक आणून दिलं, कुणी ज्येष्ठमध, कुणी मिरची सोडायला लावली. सासूबाई चिखलीहून आल्या आणि माझ्या उशीखाली गुपचूप कसला तरी अंगारा ठेवून गेल्या. घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि उशीखाली अंगारा. मला सापडला तेव्हा एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. तेव्हा मी तो परत जागेवर ठेवला. एवढी माझी गत झाली होती.

घरात मी बोलेनासा झालो. थोरली मंदा तेव्हा शाळेत जायची. दप्तर धपकन टाकलं म्हणून मी तिच्यावर असा ओरडलो की त्यानंतर ती दारातूनच चपला हातात घेऊन पावलं न वाजवता आत यायला लागली. आपलं पोर आपल्याला भितंय हे दिसत होतं आणि काही करता येत नव्हतं. शांता विचारायची, मी ‘बरंय’ म्हणायचो. दारादारात जे तोंड घेऊन जायचो तेच तोंड आता घरातही लावून बसलो होतो.

शांता मात्र फसली नाही. एक दिवस भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘आवं, मला न्हाई कळत डागदरकीतलं. पर ह्ये पित्त न्हाई.’

मेहेरबानी

आमचे साहेब भला माणूस. मी वाळत चाललोय हे त्यांनी पाहिलं. हजेरीच्या वेळी सगळ्यांसमोर म्हणाले, सोनवण्यांना काही दिवस हलकी ड्युटी. पोलिसात हलकी ड्युटी म्हणजे उन्हात उभं राहणं नाही, पळापळ नाही, बसून काम. आणि आमच्या ठाण्यात बसून काम एकच होतं. हत्यारांच्या खोलीचं. बंदोबस्ताला निघालेल्यांना बंदुका काढून द्यायच्या, परत आल्या की मोजून घ्यायच्या, बाकी वेळ चावी कमरेला लावून बसायचं. आजारी माणसाला तिथं बसवायचं हा आमच्या खात्यातला जुना जिव्हाळा. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. मजा आहे राव तुमची, म्हणाले.

आता जे लिहितोय ते लिहायलाच इतकी वर्षं लागली.

मला मरायचं नव्हतं. हे नीट वाचा, कारण लोकांना वाटतं की असल्या माणसाला मरायचं असतं. मला बायको होती, पोरं होती, मला मंदाचं लग्न बघायचं होतं. पण त्या खोलीत बसलो की मनात यायचं, माझ्या हातानं माझं ऐकलं नाही तर? जी छाती मला न विचारता धडधडते, तिच्यासारखाच हाही मला न विचारता काही करून बसला तर? एकदा हा विचार आला की जायचा नाही. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायचो. भिंतीला लावलेल्या बंदुकांकडे पाठ केली तर वाटायचं त्या मागून बघतायत, तोंड केलं तर नजर हलायची नाही.

मग मी स्टूल बाहेर, दाराशी ओढलं. उकडतं म्हणून सांगितलं. साहेबांना हे कळलं आणि त्या भल्या माणसानं स्वतःच्या खोलीतला टेबलफॅन माझ्यासाठी आत लावून दिला. ‘आता बसा निवांत,’ म्हणाले. मी सॅल्यूट ठोकला आणि परत आत जाऊन बसलो. आज हसू येतं. त्या दिवशी पंख्याच्या वाऱ्यात मी घामानं भिजत होतो.

कुणाला सांगायचं? पोलिसाला बंदुकीची भीती वाटते म्हटलं तर उद्यापासून नाव पडणार. त्याहून वाईट म्हणजे खात्याला कळलं की नोकरीला नालायक ठरवून घरी बसवणार. नोकरी गेली की लाईनीतली खोलीही जाणार. गावाकडे उस्मानाबादेत काय होतं माझं? या एका भीतीनं दुसऱ्या भीतीचं तोंड बांधून ठेवलं होतं.

चावी

एका दुपारी, खोलीत मी एकटा असताना, शिफ्टचा भोंगा झाला. माझा उजवा हात मांडीखालून निघाला होता. कधी निघाला मला समजलं नाही. तो नुसता हवेत होता, कशाला लागला नव्हता. पण मी त्याला काढलं नव्हतं.

मी उठलो, खोलीला कुलूप घातलं आणि कुणाला न सांगता ठाण्याच्या बाहेर पडलो. हत्यारांच्या खोलीची चावी घेऊन ड्युटी सोडणं म्हणजे काय, हे कुणाही पोलिसाला विचारा. मला त्या वेळी ठाऊक असूनही ठाऊक नव्हतं. लाईन जवळच होती. शांता दारात गहू निवडत होती. मी चावी तिच्या हातात दिली.

‘ही ठेव. मी मागितली तरी देऊ नको,’ म्हणालो.

तिनं काय झालं म्हणून विचारलं नाही. माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, चावी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली, शेजारच्या काकूंना म्हणाली, ह्यांच्यापाशी बसा, आणि चालायला लागली. आमच्या लाईनीतली बाई ठाण्याची पायरी चढत नसे. कितीही अडलं तरी पोराला धाडायची, स्वतः जायची नाही. शांता भरदुपारी, सगळ्यांच्या देखत, सरळ साहेबांच्या खोलीत गेली.

ती काय बोलली ते मला साहेबांनीच नंतर सांगितलं. पदराची गाठ सोडून तिनं चावी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, ‘साहेब, आमच्या मालकास्नी सोताच्याच हाताचं भ्या वाटतंया. आन तुमी त्यांस्नी बंदुकांत बसवलंय. तुमी चांगल्या मनानं केलं, पर आता ही घ्या.’

मी घरात बसून होतो. काकू इकडचं तिकडचं बोलत होत्या. मला वाटत होतं की आता जीप येईल, मला निलंबित करून पट्टा उतरवतील. जीप आली. साहेब एकटेच होते. दारात टोपी काढून आत आले, आमच्या खाटेवर बसले. मग म्हणाले, ‘मी पोटाचं दुखणं म्हणून पाठवतो. बाहेर दुसरं काही कळलं तर मला तुम्हाला वाचवता येणार नाही.’

असा मी अल्सरचा पेशंट झालो.

आतलं कुलूप

पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मनाच्या रोगांचा वॉर्ड मागच्या अंगाला होता. पोहोचवायला मेहुणा आला होता. वाटेत तो शांताला हळूच म्हणाला, येरवड्याला, वेड्यांच्या इस्पितळात तर नाही ना धाडणार? मला ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं.

वॉर्डचं दार लागलं आणि बाहेरून कुलूप पडलं. आयुष्यभर मी कुलपाच्या बाहेरच्या बाजूला होतो. आतून तो आवाज कसा येतो हे पहिल्यांदा कळलं. मी दाराला चिकटून उभा राहिलो, हलेना. वॉर्डातले मामा, म्हणजे झाडलोट करणारे, पेशंटला हाताला धरून नेणारे, आले. मी पोलीस आहे हे त्यांना सांगितलेलं होतं. ते म्हणाले, हवालदार, माझी खुर्ची दारापाशीच असते, तुमची खाट तिच्या बाजूला घेऊ या, दार उघडलं की तुम्हालाच आधी दिसेल. त्यांनी खरंच खाट ओढून आणली. मोठा उपकार होता तो.

तिथले दिवस सगळे सारखेच. सकाळी चहा आणि पाव, मग सिस्टर गोळ्या द्यायच्या आणि गिळल्या की नाही हे जीभ उचलून बघायच्या. गोळ्यांनी तोंडाला कोरड पडायची, अक्षर लिहायला गेलो तर हात कापायचा. ज्या अक्षरावर माझी नोकरी चालली होती ते कोंबडीचे पाय झालं. पलीकडच्या खोलीत काहींना विजेचा शॉक द्यायला नेत. त्या बाजूनं ढकलगाडी गेली की मी चादर डोक्यावरून घ्यायचो. मला तो द्यावा लागला नाही. ज्यांना दिला त्यांतले दोघे माझ्यासमोर हसत घरी गेले, हेही सांगायला हवं.

भेटीच्या वेळी शांता यायची. मंदाला पहिल्यांदा आणलं तेव्हा ती आईच्या मागे उभी राहिली. तिला हाक मारली असती तर मी रडलो असतो.

चहा कसा होता

डॉक्टरीणबाई वयानं माझ्यापेक्षा लहान, कोकणातल्या. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काय होतंय? मी सावधानमध्ये उभा राहून सांगितलं की सदर इसमास छातीत धडधड होते व घाम येतो. त्या हसल्या नाहीत. ‘बसा. त्या इसमाला घाबरायला कधीपासून होतंय?’ म्हणाल्या.

मी गेटाचं सांगितलं, भोंग्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्याच्या आधीचं सांगा. आधी काही नाही, म्हटलं. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा सहज बोलावं तसं मी आकुर्डीचं सांगितलं. बाई, नळ, चहा. मला वाटलं त्या म्हणतील, अहो, हा तर तुमच्या कामाचाच भाग. तसं काही त्या म्हणाल्या नाहीत.

‘चहा कसा होता?’ त्यांनी विचारलं.

‘गोड,’ मी म्हणालो. ‘फार गोड होता बाई. पाहुण्याला करतात तसा.’

आणि मी रडायला लागलो. थांबताच येईना. बापाच्या मयतीलाही मी असा रडलो नव्हतो. त्या तिथंच बसून राहिल्या. घाई नाही की उपदेश नाही. शेवटी म्हणाल्या, हा आजार आहे, सोनवणे. भीतीचा आजार. तुम्ही वेडे नाही आणि भेकडही नाही. इतकी वर्षं लोकांच्या दारात जे गिळलंत ते साठलंय. गोळ्यांनी उतरेल, बोलून उतरेल, वेळ लागेल. पूर्ण जाईल असं मी म्हणत नाही.

त्या शेवटच्या वाक्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला. तोवर मला खोटं बोलणारी माणसं लगेच ओळखू यायची, कारण ते काम मी स्वतःच करत होतो.

परत

घरी आलो तेव्हा लाईनीतली सगळी माझ्या पोटाची चौकशी करत होती. शांता गंभीर तोंडानं सांगायची, आता आराम हाय, तिखट बंद केलंय. घरात मात्र भाजीत भरपूर तिखट. एवढाच विनोद आम्हा दोघांना त्या वर्षी मिळाला. साहेबांनी मला कारकुनीत घेतलं. गोळ्या बराच काळ चालल्या. भोंगा झाला की धडधड व्हायची, मग कमी झाली, मग कधीतरी व्हायची. एके दिवशी मंदा चपला वाजवत घरात आली आणि दप्तर धपकन टाकलं. मी ओरडलो नाही. आत जाऊन शांताला सांगितलं. तिनं डोळ्याला पदर लावला.

माझ्या अल्सरची गोष्ट मात्र पक्की झाली. साहेब बदलून गेले. खरं ठाण्यात कुणालाच ठाऊक राहिलं नाही, आणि ते तसंच राहावं अशी माझी इच्छा होती. बढतीची माझी पाळी जवळ आली होती. नव्या साहेबांचा स्वभाव अजून कळला नव्हता.

गवारे

मागच्या महिन्यात हजेरीला नवे साहेब म्हणाले, गवारेला काही दिवस हलकी ड्युटी. गवारे आमचा नाईक, माण गावचा, धट्टाकट्टा गडी. गेले काही आठवडे ‘छातीत गच्च वाटतंय’ म्हणत होता. डॉक्टरांनी गॅस सांगितला होता. सगळे हसून म्हणाले, मजा आहे राव. गवारेनं चावी घेतली. मी बघत होतो. त्यानं ती दोन बोटांत धरली होती, अंगापासून लांब.

मी टेबलावर येऊन बसलो. काम होईना. स्वतःला समजावत होतो, पित्तच असेल. माझंच भूत मला सगळीकडे दिसतंय. बोललो आणि तसं नसलं तर मी उघडा पडणार, बढती जाणार, कदाचित उरलेली नोकरीही. माझ्या छातीत पुन्हा ते दार वाजायला लागलं होतं. दुपारी उठून बघायला गेलो. गवारे स्टूल खोलीबाहेर, दाराशी घेऊन बसला होता.

‘लई उकडतंय आत,’ तो म्हणाला. ‘बसा दादा.’ त्यानं टपरीवरून दोन चहा मागवले.

कप समोर आले. मी माझ्या कपाला हात लावला नाही.

‘गवारे, आधी ऐक. चहा मग,’ मी म्हणालो. ‘आत बसल्यावर तुला स्वतःच्या हाताची भीती वाटते का?’

तो हसायला गेला. ते हसू तोंडावर आलंच नाही. मग म्हणाला, ‘तुमाला कुनी सांगितलं?’

‘कुणी नाही.’

‘पर तुमाला तर अल्सर झालता ना, दादा?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मला हेच झालं होतं. ह्याच खोलीत.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग कमरेची चावी सोडली आणि माझ्यापुढे धरली. ती घेताना माझा हात थरथरला, चांगलाच, त्याला दिसेल इतका. मी लपवला नाही. चावी घेतली आणि आम्ही दोघं साहेबांच्या खोलीकडे निघालो. चहा तिथंच स्टुलाशी निवत राहिला.